न्हाणीघरामागचा सह्याद्री

आमच्या न्हाणीघराच्या खिडकीतून जो प्रदेश दिसायचा, तो २००९ साली मी शोधून काढला. म्हणजे तो तिथं आधीपासून होताच. तात्यांच्या चार पिढ्या त्यात भात लावत आल्या होत्या. पण 'सह्याद्रीतलं एक अज्ञात ठिकाण' म्हणून तो जगापुढं आणण्याचं श्रेय मात्र सर्वस्वी माझं!

तेव्हा आम्ही हिंजवडीजवळच्या चांदे गावात राहायचो. तात्या आमचे घरमालक. त्यांनी जमिनीचा एक तुकडा बिल्डरला देऊन उरलेल्या जागेवर दोन मजली इमारत बांधली होती आणि हिंजवडीच्या कंपन्यांत जाणाऱ्या आमच्यासारख्या बाहेरगावच्या जोडप्यांना खोल्या भाड्यानं दिल्या होत्या. आम्ही उदगीरचे. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, मागं गॅलरी, गॅलरीच्या टोकाला न्हाणी आणि न्हाणीच्या खिडकीखाली तात्यांचं उरलेलं शेवटचं भातखाचर. ऑफिसात कुणी विचारलं, "कुठं राहतेस?" तर मी "बाणेर साईडला" असं सांगायची. (पुण्यात 'साईड' हा फार सोयीचा शब्द आहे. बाणेर साईड कोकणाच्या हद्दीपर्यंत ताणता येते.)

त्या काळी आमच्या ऑफिसात सोमवार हा कामाचा दिवस नव्हता, अल्बम बघण्याचा दिवस होता. तेव्हा ती एक साईट होती, जिच्यावर सगळे एकमेकांना स्क्रॅप टाकायचे आणि आपापले फोटो चढवायचे. शनिवार-रविवारी माणसं किल्ल्यावर, धबधब्याखाली, धरणाच्या भिंतीवर जायची आणि सोमवारी त्याचे पुरावे सादर करायची. माझ्या शेजारच्या खुर्चीवरची ऋचा यात सगळ्यांत पुढं. तिचे अल्बम मोजायला मधे एकदा जेवून यावं लागायचं. प्रत्येक फोटोत तिचे केस उडत असायचे. वारा नसला तरी!

माझे अल्बम दोन. एकाचं नाव 'लग्न', दुसऱ्याचं 'लग्न २'. हे दुसरं लग्न नसून पहिल्याच लग्नाचे उरलेले फोटो आहेत, हेही लोकांना समजावून सांगावं लागायचं.

आमचे सासरे एकदाच काशीला जाऊन आले होते. कुणी विचारलं, तर "गर्दी होती" एवढंच सांगायचे. आमच्या पिढीचं नेमकं उलट. आधी सांगायचं काय ते ठरायचं, मग जायचं कुठं ते. मलाही जायचं होतं, पण माझा नवरा विनायक रविवारी पलंगावरून हलत नसे.

"अरे, सगळे फिरायला जातात."

"जाऊन काय करतात?"

"काय करतात म्हणजे? परत येतात."

"घरीच ना? मग मी आधीच आलोय," असं म्हणून तो कूस बदलायचा.

एका शनिवारी मी न्हाणीतून खाली बघत होते. तात्यांनी चिखलणी करून ठेवली होती. खाचरात पाणी तुंबलेलं, पलीकडच्या डोंगरावर ढग टेकलेले, कोपऱ्यात रोप हिरवंगार. मी तशीच पळत गेले, विनायकला उठवलं, तात्यांच्या पडवीत टांगलेलं, पावसात पांघरायचं जुनं इरलं त्याच्या डोक्यावर ठेवलं आणि त्याला बांधावर उभं केलं. झोपेत असल्यामुळं त्याच्या चेहऱ्यावर आपोआप एक दूरवरचा भाव आला होता. डावीकडं विजेचा डीपी होता, उजवीकडं पाण्याची टाकी, मागं कुणाची तरी नवी इमारत अर्धवट उभी. हे सगळं वगळत वगळत मी चिखलात गुडघ्यापर्यंत गेले तेव्हा कुठं फोटो जमला. फोटोत काय येऊ द्यायचं यापेक्षा काय येऊ द्यायचं नाही, यातच सगळी कला असते, हे मला त्या दिवशी कळलं.

फोटोखाली लिहिलं, 'कुठेतरी सह्याद्रीत... शांत, निवांत.'

सोमवारी ऑफिसात भूकंप!

"मनीषा! कुठंय गं हे?" ऋचा खुर्चीसकट माझ्याकडं सरकत आली.

"आहे असंच. आतल्या बाजूला."

"ताम्हिणीत?"

"ताम्हिणीच्या जरा अलीकडं." (हे खोटं नव्हतं. चांदे ताम्हिणीच्या बरंच अलीकडं आहे.)

"आणि इरलं घातलेला तो शेतकरी? काय एक्स्प्रेशन आहे यार!"

तो माझा नवरा आहे, असं सांगायची ती वेळ नव्हती.

दुपारपर्यंत आमचा टीम लीड नीलेशसुद्धा येऊन उभा राहिला. "ठरलं! आपलं आउटिंग इथंच. पुढच्या रविवारी. मनीषा, तू घेऊन जायचंस."

मी घाईघाईनं कारणं शोधायला लागले. "अहो, तिथं रस्ता नाही नीट."

"मस्त!"

"हॉटेल नाही. मोबाईलला रेंज नाही."

"कसलं भारी!"

"चिखल आहे नुसता, गुडघाभर!"

"चिखलात उतरता येतं?" अख्खी टीम एका सुरात ओरडली.

मी जितकं वाईट सांगत गेले, तितकी त्या जागेची किंमत वाढत गेली. (बिल्डरलाही हे जमलं नव्हतं!)

आता तात्यांची परवानगी काढणं आलं. तात्यांच्या घरात त्या दिवसांत वेगळाच वाद चालला होता. भिंती पातळ असल्यामुळं आम्हा भाडेकरूंना तो फुकटात ऐकायला मिळायचा. त्यांचा मुलगा सुनील म्हणायचा, "तात्या, लावणीला माणूस हाय का कुटं? समदी पोरं कंपनीच्या गाड्यांवर न्हाईतर बांधकामावर. गेल्या सालाला निम्मं रान पडीक ऱ्हायलं. त्यापरीस प्लॉट पाडू." तात्या म्हणायचे, "रोप तयार हाय. येत्या ऐतवारपातुर ह्ये खाचर लागलं न्हाई, तर मग तुझ्या मनाला यील ते कर. मी तोंडातनं ब्र काढणार न्हाई." सुनील म्हणायचा, "ठरलं मग."

असल्या घरात मी फोटोची परवानगी मागायला गेले. तात्या पडवीत तंबाखू मळत बसले होते.

"तात्या, येत्या रविवारी आमच्या ऑफिसची माणसं तुमच्या खाचरात आली तर चालेल का?"

तात्यांचा हात थांबला. "आमच्या खाचरात? किती जणं?"

"मला धरून सोळा."

"चिखलात उतरतील?"

"त्यासाठीच तर येतायत."

"पायतान काढून?"

"हो. म्हणजे त्यांना फोटो..."

पण तात्या तोवर उठून आत गेले होते. "अगं ए! ऐतवारी आपल्यात इर्जिक हाय! पोरीच्या हापिसातली सोळा माणसं येत्यात!"

मी वर येऊन विनायकला विचारलं, "इर्जिक म्हणजे काय रे?"

"जेवण असतं बहुतेक," असं म्हणून त्यानं कूस बदलली.

(हे अर्धं बरोबर होतं. नवऱ्याचं उत्तर पूर्ण चुकलेलं परवडतं, अर्धं बरोबर असलं की घात होतो.)

इर्जिक म्हणजे काय, हे मला नंतर कळलं. एखाद्याचं रान एका दिवसात उरकायचं असलं, की सगळ्यांनी मिळून त्याच्या रानात राबायचं. मजुरी घ्यायची नाही. ज्याचं रान त्यानं सगळ्यांना मटणाचं जेवण घालायचं आणि पुढं प्रत्येकाच्या कामाला माणसाला माणूस देऊन फेड करायची. चांद्यात कित्येक वर्षांत इर्जिक झाली नव्हती, कारण बोलवायला रानवाले उरलेच नव्हते. आणि भरलावणीत सोळा माणसं चिखलात उतरायला येतायत ती केवळ स्वतःचे फोटो काढून घ्यायला, ही गोष्ट तात्यांच्याच काय, त्यांच्या बैलाच्याही डोक्यात आली नसती.

माझी काळजी वेगळीच होती. ऑफिसपासून हे अज्ञात ठिकाण मोटारसायकलनं वीस मिनिटांवर होतं! सोळा जण नांदे गावावरून जाणाऱ्या जवळच्या रस्त्यानं आले, तर पोचायच्या आधी त्यांना माझा किराणावाला भेटला असता.

"लांबून ने," विनायक उशीत तोंड खुपसून म्हणाला. हा मात्र लाखमोलाचा सल्ला निघाला.

शिवाय त्या महिन्यात सासूबाई उदगीरहून राहायला आल्या होत्या. त्यांनाही पढवणं भाग होतं.

"आई, रविवारी तुम्ही गॅलरीत येऊ नका हं. ऑफिसची माणसं येणार आहेत."

"येऊ दे की. चहा टाकते."

"आपल्याकडं नाही येणार ती."

"मग कुणाकडं येऊलालेत?"

"निसर्गाकडं."

सासूबाईंनी माझ्याकडं असं बघितलं, की मुलाचं लग्न घाईत उरकलं, हे त्यांना त्याच क्षणी पटलं असावं. मी गॅलरीच्या कठड्याला लग्नातल्या दोन सोलापुरी चादरी बांधल्या आणि घर झाकून टाकलं.

रविवारी सकाळी हिंजवडीतून टेम्पो ट्रॅव्हलर निघाली. मी ड्रायव्हरशेजारी. हायवेनं चांदणी चौक, तिथून भूगाव, पिरंगुट. पिरंगुटला वडापाव. मग घोटवडे, मग मुळखेड आणि मग मागच्या अंगानं चांदे. घोड्याच्या नालेसारखा वळसा! गाणी, भेंड्या, खिडकीतून फोटो. ऋचानं तर वडापावचाही फोटो काढला आणि रेंज जायच्या आत दोन मैत्रिणींना मेसेज केला, 'ताम्हिणीच्या आत चाललोय.' ड्रायव्हर मात्र मला हळूच म्हणाला, "मॅडम, ह्यापेक्षा नांद्याकडून..." मी त्याला वडापाव दिला.

मुळखेड सोडल्यावर पाऊस जरा उघडला आणि नीलेश खिडकीतून म्हणाला, "अरे, लांबवर काचेच्या इमारती कसल्या दिसतायत?"

"धरणाचं पॉवर हाऊस आहे," मी मागं न बघता म्हणाले.

खाचरावर पोचलो आणि मी गारच पडले. तात्या धुतलेल्या धोतरात, नवा फेटा बांधून उभे. बांधावर नारळ, हळदकुंकू. एक म्हातारबुवा हलगी घेऊन बसलेले. चुलीवर मोठं पातेलं चढलेलं. तात्यांच्या कारभारणीनं, आक्कांनी, प्रत्येकाच्या कपाळाला कुंकू लावलं आणि हातात रोपांची मूठ दिली.

"वॉव! ट्रॅडिशनल वेलकम!" ऋचा चित्कारली.

"लई उपकार झालं बघा," तात्या एकेकाला हात जोडत होते.

"अरे काका, आम्हीच थँक्यू म्हणायला पाहिजे!" नीलेश म्हणाला आणि त्यानंही हात जोडले. दोन्ही बाजू एकमेकांवर बेहद्द खूश. मधे मी.

हलगी कडाडली. मंडळी किंचाळत चिखलात उतरली. प्रत्येकानं एक रोप लावलं, लावताना फोटो काढला, लावल्यावर काढला, चिखलाचे हात दाखवून काढला. मग आमचा कानपूरचा मित्र दोन मुठी हातात धरून हवेत उडी मारायला गेला आणि आडवा झाला, त्याचा सगळ्यांनी मिळून काढला. अर्ध्या तासात सगळे बांधावर येऊन पाय धुवायला लागले.

"का वो? दमला?" तात्यांनी विचारलं.

"झालं ना काका. आता जेवण?" ऋचा म्हणाली.

तात्या खाचराकडं बघायला लागले. एवढ्या मोठ्या पाण्यात कोपऱ्यात मूठभर रोपं, तीही एकमेकींवर रुसल्यासारखी उभी. पलीकडच्या बांधावर सुनील हाताची घडी घालून हसत होता.

"इर्जिकीचं जेवान रान लागल्याबिगर वाढत न्हाईत, पोरी," तात्या ऋचाला म्हणाले. रागानं नाही, समजावल्यासारखं. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तू म्हनली व्हतीस, चिखलात उतरायलाच येत्यात म्हनून."

मला खरंच गलबलून आलं. काहीच न बोलता आपण एका म्हाताऱ्या माणसाला केवढ्या आशेला लावलं, हे तेव्हा कळलं. आता नीलेशला बाजूला घ्यावं, खरंखोटं सगळं सांगून टाकावं, असं ठरवून मी दोन पावलं टाकली. तेवढ्यात मागून, वरून, चादरीच्या फटीतून आवाज आला.

"मनीषाऽऽ! कुकरच्या किती शिट्ट्या करू गं?"

हलगी थांबली. सगळ्यांच्या माना वर गेल्या.

"या कोण?" ऋचानं विचारलं.

"स्थानिक आहेत," मी म्हणाले.

"कोण स्थानिक गं?" सासूबाईंनी चादर खसकन ओढून काढली. "सासू हाय मी तुझी! काय करलालीस त्या चिखलात? अन् विनायकच्या बनियनी वाळल्यात, काढू का पाऊस यायच्या आत?"

मागं बनियनींची रांग, तिच्यामागं आमचं पिवळं दार आणि दारात दात घासत उभा असलेला, इरलं नसलेला शेतकरी.

"एक मिनिट," नीलेश सावकाश म्हणाला. "म्हणजे आपण पहाटे उठून, तीन तास गाडीत बसून, तुझ्या घरी आलोय?"

"घराच्या मागच्या बाजूला," मी दुरुस्ती केली.

"आणि ते पॉवर हाऊस?"

"सर, वो अपना ऑफिस है," कानपूरकर कपाळावरचा चिखल पुसत म्हणाला.

आता या चिखलात आपली समाधी होणार, अशी माझी खात्री झाली. पण कुणी चिडेचना! सगळ्यांचे चेहरे पडले होते, पण ते माझ्यावर रागावून नव्हे. ऋचानं माझा दंड घट्ट धरला आणि मला बाजूला घेतलं.

"मनीषा, हे कुणाला कळता कामा नये. मी मैत्रिणींना ताम्हिणी सांगितलंय!"

"मीसुद्धा," नीलेश मागून पुटपुटला. "बायकोच्या भावाला."

हळूहळू उलगडा झाला. कुणी कॉलेजच्या ग्रुपला सांगितलं होतं, कुणी जुन्या कंपनीतल्यांना जळवायला. उद्या सोमवार. उद्या अल्बम चढणार. 'चांदे, वीस मिनिटं, पाण्याच्या टाकीमागं' असं कोण लिहिणार? जायचं कुठं, याला त्यांच्या लेखी काही महत्त्व नव्हतंच. कुठं गेलो म्हणून सांगायचं, त्याला होतं. आणि ते सांगणं आता माझ्या मुठीत होतं!

माझ्या अंगात एकदम बळ आलं. मी साडी... नव्हे, ट्राउझर वर खोचली आणि म्हणाले, "मी कुणाला सांगणार नाही. मेले तरी सांगणार नाही. पण हे खाचर आज पूर्ण लागलं पाहिजे. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत!"

"हे ब्लॅकमेल आहे," नीलेश म्हणाला.

"इर्जिक आहे," मी म्हणाले.

सोळाच्या सोळा जण पुन्हा चिखलात उतरले. तात्यांनी त्यांना ओळीत उभं केलं, वाकायचं कसं, रोप किती खोल दाबायचं ते दाखवलं. वाकून वाकून पाठी मोडल्या. कुणाच्या पायाला जळू लागली, कुणाचा मोबाईल चिखलात गेला तो कायमचाच. सासूबाई पदर खोचून खाली आल्या. "आमच्याकडं ज्वारी अन् तूर. ह्यातलं कळत न्हाई," असं म्हणाल्या आणि पाच मिनिटांत सगळ्या टीमवर ओरडायला लागल्या. नीलेशला इतका धाक मोठ्या साहेबांनीही कधी घातला नव्हता. विनायकही आला. रविवारी दुपारी मी त्याला उभं बघितलं, ते लग्नानंतर पहिल्यांदाच.

"ह्यांच्यानं व्हतंय व्हय!" सुनील बांधावरून म्हणत होता. मग निम्मं खाचर लागलं तसा तो ओळी मोजायला लागला. शेवटचा कोपरा राहिला आणि पोरींना अगदीच उभं राहवेना, तेव्हा त्यानं पँट दुमडली, खाली उतरला आणि तो कोपरा एकट्यानं लावला.

तात्या बांधावर उभे राहून बघत राहिले. "वळी साप गेल्यावानी झाल्यात," ते म्हणाले. "पर लागलं." मग उपरण्यानं तोंड पुसायला म्हणून ते पलीकडं वळले. सुनील हातपाय धुऊन त्यांच्याशेजारून जाताना म्हणाला, "यंदाचं ऱ्हाऊ दे मग, तात्या." मला इतकं बरं वाटलं, की आपणच हे सगळं घडवून आणायचं ठरवलं होतं, असं मी तिथल्या तिथं मानून टाकलं.

ते मटण आणि तांदळाच्या भाकरी ज्यांनी खाल्ल्या, ते आजही नाव काढतात. हात धुताना तात्यांनी नीलेशला विचारलं, "आता तुमच्यात काम कवा काडताय?"

नीलेशला वाटलं, म्हातारा गोड बोलतोय. तो मनापासून हसला आणि म्हणाला, "काका, या की ऑफिसला! कधीही या!"

सोमवारी अल्बम चढले. 'ताम्हिणीच्या आत', 'ऑफबीट सह्याद्री', 'मातीशी नातं'. मी तोंड शिवून घेतलं होतं. ऋचाच्या फोटोत चिखलात माखलेले केससुद्धा उडत होते. सगळं कसं शांत, निवांत झालं.

गणपती होऊन गेले. अशाच एका सोमवारी, भर अल्बमच्या वेळेला, खालून गेटवरून मला फोन आला. "मॅडम, तुमची माणसं आलीत."

"किती?"

"लई हायेत मॅडम. फेटे घातलेत."

मी आणि नीलेश पळत खाली गेलो. गेटवर तात्या, सुनील आणि तात्यांची सगळी भावकी. पांढरे फेटे, खांद्यावर उपरणं, हातात विळे आणि खुरपी. तात्या पुढं झाले.

"सोळा हाय. मोजून घ्या. भात आता निसवायला लागलंय, हाताला जरा सवड हाय. म्हनलं, आधी तुमची इर्जिक फेडून टाकू. सांगा काम."

नीलेशचा चेहरा बघण्यासारखा झाला. "काका, अहो, इथं कॉम्प्युटरचं काम असतं. ते तुम्हाला कसं येणार?"

"दाखवा की. तुमाला तरी कुटं लावणी येत व्हती?"

"थांबा, मी वर विचारून येतो," असं म्हणून नीलेश लिफ्टकडं धावला. वर काय विचारणार होता, कोण जाणे! पण तो येईपर्यंत रिकामं बसणं भावकीला जमेना. त्यांना समोर कंपनीची हिरवळ दिसली आणि हिरवळीच्या कडेनं लावलेलं गुडघाभर उंचीचं गवत दिसलं.

"केवढं तण माजू दिलंय!" तात्या हळहळले.

ते तण बंगळुरूहून मागवलेलं होतं, शोभेसाठी. हे मला माहीत होतं. पण तात्यांना सांगेपर्यंत सोळा विळे चालले होते, आणि सोळा विळे चालायला लागले की काही सांगण्यात अर्थ नसतो. नीलेश खाली आला तेव्हा तिथं काळीभोर, स्वच्छ, पेरणीला तयार जमीन होती. सगळ्या मजल्यांच्या काचांना माणसं चिकटून बघत होती.

"फिटली इर्जिक," उपटलेल्या गवताचा एक भारा माझ्या कवेत देऊन तात्या हात झटकत म्हणाले. "आता एक करा. तुमी आमच्या रानात फोटू काडलं. आमचा बी एक तुमच्या रानात व्हऊ दे."

सोळा फेटे काचेच्या इमारतीपुढं ओळीत उभे राहिले. ओळ मात्र सरळ. सुनीलनं नव्या मोबाईलवर पुढं हात लांब करून सगळ्यांचा फोटो काढला. ('ताम्हिणीच्या आत'चं गुपित त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत पाचही मजल्यांवर पोचलं. कारण वरून एकानं ओरडून विचारलं, "हे कुठले?" आणि तात्यांनी खालून तितक्याच मोकळ्या आवाजात सांगितलं, "हितलंच, चांद्याचं! मनीषाबाई आमच्यातच भाड्यानं ऱ्हातीया! वीस मिन्टं लागत्यात!")

त्या वर्षी खाचराचे प्लॉट पडले नाहीत. पुढं पडले. तात्यांनी तोंडातून ब्र काढला नाही. पण त्या सालचा आंबेमोहोर तांदूळ तात्यांनी सोळा पिशव्यांत भरून सोळा घरी पोचवला. माझ्या घरी शिजताना त्याचा वास न्हाणीपर्यंत जायचा.

त्या फोटोचं सांगायचं राहिलं. त्याच रात्री सुनीलनं तो साईटवर चढवला. खाली लिहिलं होतं, 'कुठंतरी हिंजवडीत... शांत, निवांत.' सकाळपर्यंत त्याला माझ्या फोटोच्या दुप्पट कमेंट! 'कुटं हाय रं हे?' 'आमाला बी न्हे की एकदा!' फोटोत फेट्यांच्या मागं, एका कोपऱ्यात, उपटलेल्या गवताचा भारा कवटाळून, तोंड उघडं टाकून उभी असलेली एक बाई दिसते. त्यावर कुणीतरी विचारलं होतं, 'मागं ती बाई कोण?'

सुनीलनं खाली उत्तर लिहिलं होतं, 'स्थानिक हायेत.'